विश्वाच्या वयापासून ॲटोसेकंदापर्यंत: काळाच्या एककांचे रूपांतर करण्याची रीत

तासांची मिनिटे किंवा दिवसांचे तास करणे कोणालाही जमते. पण अब्जावधी वर्षांचे मायक्रोसेकंद करायचे म्हटले, की गणितात बरे असलेले विद्यार्थीही अडखळतात. गुणाकार अवघड असतो म्हणून असे होत नाही. चूक बहुधा तीन जागी होते: ‘वर्ष’ म्हणजे नेमके किती सेकंद हे आधी ठरवलेले नसते, शून्ये मोजताना एखादे गळते किंवा वाढते, आणि मूळ माहितीत दोनच अंक खात्रीचे असताना उत्तरात बारा अंक लिहिले जातात. पुढील रीत याच तीन जागा लक्षात घेऊन मांडली आहे. ती समजण्यास शाळेत शिकलेले घातांकांचे नियम पुरेसे आहेत. टंकलेखनाच्या सोयीसाठी दहाचा सातवा घात १०^७ असा आणि दहाचा उणे नववा घात १०^−९ असा लिहिला आहे.

पहिली पायरी: प्रत्येक रूपांतर सेकंदातून न्यावे

कोणत्याही मोठ्या एककाचे थेट लहान एककात रूपांतर करण्याचा मोह टाळावा. आधी मोठ्या एककाचे सेकंद करावेत आणि मग सेकंदांचे लहान एकक करावे. यात एक ओळ जास्त लिहावी लागते, पण प्रत्येक जोडीसाठी वेगळा गुणक पाठ करण्याची गरज उरत नाही, आणि चूक झालीच तर ती सेकंदाच्या अलीकडे आहे की पलीकडे हे लगेच कळते.

सेकंदच का, याचे उत्तर त्याच्या व्याख्येत आहे. पूर्वी सेकंद हा दिवसाचा भाग मानला जात असे. परंतु पृथ्वीचे परिवलन पुरेसे एकसारखे नसल्यामुळे ती कल्पना सोडून देण्यात आली, आणि १९६७ साली सीझियम-१३३ या अणूच्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने पूर्ण होण्यास लागणारा काळ म्हणजे एक सेकंद, असे ठरले. त्यामुळे सेकंद हेच आज काळाचे पायाभूत एकक आहे. मिनिट, तास आणि ८६,४०० सेकंदांचा दिवस ही त्याची ठरलेली पटीतील रूपे आहेत. वर्षाचे मात्र तसे नाही.

दुसरी पायरी: कोणते वर्ष, ते लिहून ठेवावे

३६५ दिवसांचे वर्ष धरले तर ३,१५,३६,००० सेकंद होतात. आपण वापरतो त्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेचे सरासरी वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे, म्हणजे ३,१५,५६,९५२ सेकंदांचे असते. खगोलशास्त्रज्ञ हिशेबाच्या सोयीसाठी ३६५.२५ दिवसांचे ज्युलियन वर्ष वापरतात. त्याचे बरोबर ३,१५,५७,६०० सेकंद होतात, आणि प्रकाशवर्षाची व्याख्याही याच वर्षावर आधारलेली आहे. सूर्यसिद्धांतातील आकड्यांवरून येणारे सौरवर्ष सुमारे ३६५.२५८७५६ दिवसांचे, म्हणजे ज्युलियन वर्षापेक्षा साडेबारा मिनिटांनी मोठे आहे.

यातील कोणतेही वर्ष ‘चूक’ नाही, पण एकाच हिशेबात दोन मिसळणे मात्र चूक आहे. नवशिक्याने ज्युलियन वर्ष निवडावे, असे माझे मत आहे, कारण त्याचा गुणक नेमका आहे आणि बहुतेक वैज्ञानिक आकडे त्यावरच बेतलेले असतात. ग्रेगोरियन वर्षाशी त्याचा फरक वर्षाला ६४८ सेकंदांचा, म्हणजे लाखात दोन इतकाच पडतो. याउलट ३६५ दिवसांचे वर्ष धरल्यास दर वर्षी सहा तास हरवतात. तीन अंकी उत्तरासाठी ही चूक जेमतेम खपते, चार अंकी उत्तरात ती उघडी पडते.

महिना हे एकक अशा रूपांतरात मुळीच वापरू नये. अठ्ठावीस ते एकतीस दिवसांमध्ये हेलकावणारे माप मधल्या पायरीत आले, की पुढचे सगळे अंक संशयास्पद होतात.

तिसरी पायरी: अंक आणि शून्ये वेगळी ठेवावीत

प्रत्येक संख्या दोन भागांत लिहावी: एक ते दहा यांमधील अंकांचा भाग आणि दहाचा घात. ज्युलियन वर्ष मग ३.१५५७६ × १०^७ सेकंद असे होते. गुणाकारात अंकांचा गुणाकार आणि घातांची बेरीज, भागाकारात अंकांचा भागाकार आणि घातांची वजाबाकी, एवढे दोनच नियम सर्वत्र पुरतात. घात आधी जुळवून घ्यावेत आणि अंकांकडे नंतर वळावे. अंकांत थोडी चूक झाली तर उत्तर थोडेसेच चुकते, पण घातात एकाची चूक झाली तर ते दहापट चुकते.

सेकंदाहून लहान एककांसाठी उपसर्गांची शिडी पाठ असणे आवश्यक आहे, आणि तिची प्रत्येक पायरी हजारपट असल्यामुळे ती पाठ होण्यास वेळ लागत नाही. मिलिसेकंद १०^−३, मायक्रोसेकंद १०^−६, नॅनोसेकंद १०^−९, पिकोसेकंद १०^−१२, फेम्टोसेकंद १०^−१५ आणि ॲटोसेकंद १०^−१८ सेकंद. त्याखाली झेप्टो आणि योक्टो येतात, आणि २०२२ साली रोंटो १०^−२७ व क्वेक्टो १०^−३० यांची भर पडली. रेणूंमधील बंध तुटण्याच्या आणि जुळण्याच्या घटना फेम्टोसेकंदात घडतात. त्या टिपण्याच्या कामासाठी अहमद झेवेल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. इलेक्ट्रॉनांच्या हालचाली टिपण्यासाठी ॲटोसेकंद लांबीचे प्रकाशस्पंद निर्माण करणाऱ्या पिएर अगोस्तिनी, फेरेंत्स क्राउस आणि ॲन लुइलिए यांना २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल देण्यात आले. म्हणजे शिडीच्या या पायऱ्या केवळ कागदावरच्या नाहीत.

मोठ्या बाजूला आपल्याकडे लाख १०^५, कोटी १०^७ आणि अब्ज १०^९ ही नावे रुळलेली आहेत. त्यापुढे मात्र सावध राहावे, कारण मराठी परंपरेतील खर्व १०^१० आहे आणि हिंदीतील खरब १०^११. बातमीतील किंवा भाषांतरित मजकुरातील असा शब्द दिसला, तर मूळ आकड्याचा घात शोधावा आणि हिशेब घातानेच करावा.

चौथी पायरी: एक पूर्ण उदाहरण

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. त्याचे सेकंद आणि मग ॲटोसेकंद करू. १३८० कोटी म्हणजे १.३८ × १०^१०. याला ३.१५५७६ × १०^७ ने गुणायचे आहे. घातांची बेरीज १७. अंकांचा गुणाकार ४.३५४९. उत्तर ४.३५ × १०^१७ सेकंद. आता ॲटोसेकंद हवे असल्यास १०^−१८ ने भागायचे, म्हणजे घातात १८ मिळवायचे; उत्तर ४.३५ × १०^३५. भास्कराचार्यांच्या संख्यानामांच्या यादीत शेवटचे नाव परार्ध आहे आणि ते १०^१७ साठी आहे, त्यामुळे विश्वाचे वय सव्वाचार परार्ध सेकंदांहून थोडे अधिक, असे म्हणता येते. एका सेकंदात जितके ॲटोसेकंद मावतात, त्याच्या निम्म्याहूनही कमी सेकंद विश्वाच्या आरंभापासून आजवर उलटले आहेत.

लहान एककाने भागताना घात वाढतो की घटतो, याचा गोंधळ हमखास होतो. त्यावर उपाय सोपा आहे: एकक लहान झाले तर आकडा मोठाच झाला पाहिजे. उत्तर त्याउलट आले, तर उपसर्गाचे चिन्ह चुकले आहे.

उलट दिशेचा सरावही करावा. एक लाख सेकंद म्हणजे २७ तास ४६ मिनिटे ४० सेकंद, दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवसांहून किंचित अधिक, एक कोटी सेकंद म्हणजे सुमारे ११६ दिवस, आणि एक अब्ज सेकंद म्हणजे ३१.६९ वर्षे. हे चार टप्पे लक्षात असले, की पुढील बहुतेक उत्तरांचा अंदाज गणकयंत्राशिवाय ताडून पाहता येतो.

पाचवी पायरी: किती अंक ठेवावेत

गणकयंत्र दाखवते तितके अंक लिहिणे म्हणजे अचूकता नव्हे. मूळ आकड्यात जितके अंक खात्रीचे, तितकेच उत्तरात ठेवावेत. लोणार सरोवराच्या वयाचे उदाहरण यासाठी चांगले आहे. एका पद्धतीने केलेल्या मापनात ते सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. पहिल्याचे सेकंद १.६ × १०^१२ आणि दुसऱ्याचे १.८ × १०^१३. मूळ मापनांतच दहापटीहून अधिक अंतर असताना ज्युलियन वर्ष घ्यावे की ग्रेगोरियन, यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. याउलट उपग्रहाच्या घड्याळाचा हिशेब असेल, तर १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत जागतिक प्रमाणवेळेत घातलेले २७ लीप सेकंदही दोन तारखांमधील अंतर काढताना मिळवावे लागतात.

पंचांगातील एकके आणि त्रुटी

मराठी वाचकाला घटी आणि पळे पंचांगात भेटतात, म्हणून त्यांचे रूपांतर आले पाहिजे. दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळे आणि पळाची ६० विपळे. त्यामुळे घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ ०.४ सेकंदाचे. एखादी तिथी सूर्योदयानंतर १२ घटी ३५ पळांनी संपते असे लिहिले असेल, तर १२ घटींची २८८ मिनिटे आणि ३५ पळांची १४ मिनिटे मिळून ३०२ मिनिटे, म्हणजे ५ तास २ मिनिटे होतात. त्या दिवशी सूर्योदय ६ वाजून २० मिनिटांनी असल्यास तिथी ११ वाजून २२ मिनिटांनी संपेल. सूर्योदय ज्या गावाचा घेतला, त्याच गावासाठी हे उत्तर लागू पडते.

याहून खाली उतरण्यासाठी भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धांतशिरोमणीतील कोष्टक घ्यावे. त्यानुसार १८ निमेषांची काष्ठा, ३० काष्ठांची कला, ३० कलांची घटिका, दोन घटिकांचा क्षण आणि ३० क्षणांचा दिवस. निमेषाचा तिसावा भाग तत्पर आणि तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. खालून वर गुणत गेल्यास दिवसाचे ९,७२,००० निमेष आणि २,९१,६०,००,००० त्रुटी होतात. दिवस ८६,४०० सेकंदांचा धरला, तर एक त्रुटी सेकंदाचा ३३,७५० वा भाग, म्हणजे सुमारे ३० मायक्रोसेकंद ठरते. त्रुटी हे नाव इतर ग्रंथांत वेगळ्या मापासाठीही येते, म्हणून उत्तरासोबत ग्रंथाचे नाव लिहावे. ते न लिहिता फिरणारे आकडे समाजमाध्यमांवर पुष्कळ आहेत आणि त्यांचा काहीच उपयोग होत नाही.

आता सर्वांत मोठे एकक घेऊ. कल्प म्हणजे एक हजार महायुगे, आणि महायुग ४३,२०,००० वर्षांचे. म्हणून कल्प ४३२ कोटी वर्षांचा. एका कल्पात किती त्रुटी? येथे वर्षातून जाण्याची गरजच नाही, कारण भास्कराचार्यांनी कल्पातील सावन दिवस, म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय असे मोजलेले दिवस, थेट दिले आहेत: १५,७७,९१,६४,५०,०००. हे १.५७७९१६४५ × १०^१२ आणि दिवसाच्या त्रुटी २.९१६ × १०^९, गुणाकार ४.६०१ × १०^२१. परंतु मूळ श्लोकात घटिकेला ‘आर्क्षी’ हे विशेषण आहे, म्हणजे ती नाक्षत्र (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) दिवसाची घटिका आहे, आणि नाक्षत्र दिवस ८६,१६४ सेकंदांचाच असतो. कल्पात नाक्षत्र दिवस सावन दिवसांपेक्षा कल्पातील वर्षांइतके, म्हणजे ४३२ कोटींनी अधिक असतात. तसा हिशेब केल्यास उत्तर ४.६१४ × १०^२१ येते. दोन अंकांत लिहिलेले ४.६ × १०^२१ दोन्ही वाचनांत टिकते, म्हणून तेच लिहावे.

भागाकाराचा खरा उपयोग: युरेनियम आणि पोलोनियम

काही ठिकाणी अतिदीर्घ आणि अतिसूक्ष्म काळ एकाच समीकरणात येतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू नष्ट होण्यास लागणारा काळ, ४४६.८ कोटी वर्षे आहे. त्याच्या ऱ्हासातून एकामागून एक मूलद्रव्ये तयार होत जातात आणि त्या साखळीत पोलोनियम-२१४ लागते, ज्याचे अर्धायुष्य अवघे १६४ मायक्रोसेकंद आहे. लाखो वर्षे न हललेल्या खनिजात ही साखळी समतोलात येते, म्हणजे प्रत्येक कडीचे दर सेकंदाला जितके अणू तयार होतात तितकेच नष्ट होतात. अशा स्थितीत दोन कड्यांच्या अणुसंख्यांचे गुणोत्तर त्यांच्या अर्धायुष्यांच्या गुणोत्तराइतके असते. ते गुणोत्तर काढण्यासाठी दोन्ही काळ एकाच एककात हवेत, आणि पहिली पायरी येथे कामाला येते.

युरेनियमचे अर्धायुष्य ४.४६८ × १०^९ वर्षे, याला ३.१५५७६ × १०^७ ने गुणल्यास १.४१ × १०^१७ सेकंद. पोलोनियमचे १६४ मायक्रोसेकंद म्हणजे १.६४ × १०^−४ सेकंद. भागाकारात घातांची वजाबाकी १७ उणे (उणे ४), म्हणजे २१. अंकांचा भागाकार ०.८६. उत्तर ८.६ × १०^२०. उणे घात वजा करताना तो मिळवावा लागतो, ही गोष्ट विसरल्यास उत्तर १०^८ पटीने घसरते. आता या आकड्याला अर्थ देऊ. २३८ ग्रॅम युरेनियममध्ये ६.०२२ × १०^२३ अणू असतात, त्यामुळे ८.६ × १०^२० अणूंचे वजन ०.३४ ग्रॅम भरते. म्हणजे जुन्या खनिजातील सुमारे एक तृतीयांश ग्रॅम युरेनियममागे कोणत्याही क्षणी सरासरी पोलोनियम-२१४ चा एकच अणू अस्तित्वात असतो. काळाच्या रूपांतराने पदार्थाचे प्रमाण हाती येते, याहून नेटके उदाहरण मला माहीत नाही.

वारंवारता दिली असेल तर

काळ पुष्कळदा हर्ट्झच्या वेषात येतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक आवर्तन, म्हणून आवर्तनकाळ काढण्यासाठी एकाला वारंवारतेने भागावे. मेगाहर्ट्झचा आवर्तनकाळ मायक्रोसेकंद असतो आणि गिगाहर्ट्झचा नॅनोसेकंद. येथे उपसर्ग उलटतो: नॅनोहर्ट्झ ही वारंवारता अतिशय लहान असल्यामुळे तिचा आवर्तनकाळ १०^९ सेकंद, म्हणजे ३१.७ वर्षे इतका लांब असतो.

हा हिशेब पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथे प्रत्यक्षात उपयोगी पडला आहे. तेथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. भारतीय स्पंदक कालमापन गट या दुर्बिणीने स्पंदक ताऱ्यांच्या, म्हणजे वेगाने फिरत नियमित रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, स्पंदांच्या आगमनवेळा नोंदवतो, आणि जून २०२३ मध्ये युरोपीय सहकाऱ्यांसह त्यांनी नॅनोहर्ट्झ वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचे (अवकाश-काळातील तरंगांचे) पुरावे मांडले. त्याच वेळी इतर देशांतील गटांनीही आपापली निरीक्षणे जाहीर केली. ज्या लहरीचे एक आवर्तन वर्षानुवर्षे चालते, तिचा माग मिलिसेकंदात फिरणाऱ्या ताऱ्यांच्या साहाय्याने घेतला जातो. १९८२ साली सापडलेल्या पहिल्या मिलिसेकंद स्पंदकाचा आवर्तनकाळ १.५५८ मिलिसेकंद आहे, ३.१५५७६ × १०^७ ला १.५५८ × १०^−३ ने भागल्यास तो वर्षाला सुमारे २.०३ × १०^१० फेऱ्या पूर्ण करतो असे निघते. इतक्या फेऱ्यांचा हिशेब एकही फेरी न चुकता ठेवता आला, तरच मायक्रोसेकंदाचा उशीर ओळखता येतो.

संगणकावर रूपांतर करताना

संगणकप्रणाली बहुधा १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून उलटलेले सेकंद मोजतात. नोंदीतला आकडा दहा अंकी असेल तर तो सेकंदांचा, तेरा अंकी असेल तर मिलिसेकंदांचा, आणि एकोणीस अंकी असेल तर नॅनोसेकंदांचा असतो, हे आजच्या तारखांसाठी खात्रीने धरावे. मिलिसेकंदांना सेकंद समजल्यास तारीख हजारो वर्षे पुढे जाते, त्यामुळे ही चूक निदान लपून राहत नाही.

अशी मोजणी साठवण्याची जागा किती, हेही रूपांतरानेच कळते. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ मावते. इतके सेकंद म्हणजे ६८ वर्षांहून थोडे अधिक, म्हणून ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. ६४ बिटांत नॅनोसेकंद साठवले, तर ९.२२ × १०^१८ नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे २९२ वर्षे मिळतात आणि मोजणी २२६२ सालापर्यंत चालते. सेकंदच साठवले, तर ६४ बिटांची जागा विश्वाच्या आजच्या वयालाही पुरून उरते.

दशांश संख्यांचे मात्र वेगळे आहे. संगणकाच्या नेहमीच्या दुप्पट अचूकतेच्या दशांश संख्येत सुमारे पंधरा ते सोळा अंकच खरे असतात. विश्वाचे वय सेकंदांत, म्हणजे ४.३५ × १०^१७ असे साठवले, तर त्या टप्प्यावर लगतच्या दोन संख्यांमधील अंतर ६४ सेकंदांचे असते; त्यात एक सेकंद मिळवला तरी आकडा जिथल्या तिथे राहतो आणि कोणतीही सूचना मिळत नाही. गुणाकार-भागाकारात ही अडचण येत नाही, बेरीज-वजाबाकीत येते. म्हणून दीर्घ काळ आणि सूक्ष्म काळ यांची बेरीज करायची असेल, तर पूर्ण सेकंद एका पूर्णांकात आणि उरलेले नॅनोसेकंद दुसऱ्या पूर्णांकात ठेवावेत, आणि नॅनोसेकंद १०^९ झाले की सेकंदांत एकाची भर घालावी.